एक्सप्रेसवेवरचे स्पीड कॅमेरे आणि ई-चलन: लोकांचं म्हणणं काय, नियम काय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ मधे आयटीएमएस सुरू झालं, म्हणजे गॅन्ट्रीवरचे (रस्त्यावर आडव्या टाकलेल्या लोखंडी कमानीवरचे) कॅमेरे गाडीचा नंबर वाचतात, वेग काढतात आणि दंडाचा मेसेज थेट मालकाच्या मोबाईलवर येतो. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात, ढाब्यावर, सगळीकडे हाच विषय आहे. कोणी म्हणतं लूट आहे, कोणी म्हणतं बरं झालं, आणि खूप जणांना चलन आल्यावर पुढे काय करायचं तेच कळत नाही. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पटलं नाही तर जरूर सांगा.

लोकांचा विरोध नेमका कशाला आहे? कॅमेऱ्याला?

माझं स्पष्ट मत, कॅमेऱ्याला विरोध असलेले लोक फार थोडे आहेत. रोज अप-डाऊन करणाऱ्या कोणालाही विचारा, मागून १४० ने येऊन डिपर मारत टेकणाऱ्या गाडीला दंड व्हावा का, तर शंभरातले नव्व्याण्णव जण हो म्हणतील. राग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. चलन पंधरा-वीस दिवसांनी कळतं, तोवर आपण त्या दिवशी कुठे होतो हे पण आठवत नाही. लिमिट बदलते तिथला बोर्ड ट्रकच्या आड गेलेला असतो. एकाच प्रवासात दोन-तीन चलनं पडतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, चूक झाली असेल तर सांगायचं कोणाला? चौकात मामा उभे असतात तेव्हा निदान बोलता तरी येतं, गॅन्ट्रीशी काय बोलणार.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पण बघा ना. मामांशी बोलता येतं म्हणजे काय होतं हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे, ज्याची ओळख आहे तो सुटतो, ज्याच्या गाडीवर कसलातरी स्टिकर आहे तो सुटतो, आणि बाहेरच्या जिल्ह्याची पासिंग असलेला टेम्पोवाला भरतो. कॅमेऱ्याला तुमचा मामा-काका कोण आहे ते कळत नाही. टेम्पो चालवणारे, कॅब चालवणारे कितीतरी लोक हेच बोलतात की पावती फाटली तर फाटू दे, पण हात पसरणारा माणूस मधे नको. हा मुद्दा मध्यमवर्गीय कारवाल्यांच्या चर्चेत फारसा येत नाही, यायला पाहिजे.

कॅमेरा वेग मोजतो कसा? मी गॅन्ट्रीखाली तर स्लो केली होती!

इथेच खूप जण फसतात. दोन पद्धती आहेत. एक, त्या जागेवरचा वेग, म्हणजे गाडी कॅमेऱ्याच्या समोरून जाते त्या क्षणाला किती होती. दुसरी, सरासरी वेग. पहिल्या गॅन्ट्रीने नंबर वाचला की वेळ नोंदवली, पुढच्या गॅन्ट्रीने परत वाचला की परत वेळ नोंदवली, मधलं अंतर ठरलेलं आहे, भागाकार केला की झालं. समजा मधलं अंतर १० किलोमीटर आहे. ते तुम्ही ६ मिनिटांत कापलं तर सरासरी १००, ५ मिनिटांत कापलं तर १२०. मधे तुम्ही कुठे ब्रेक मारला, गॅन्ट्रीखाली ८० वर आणली का ७० वर, याने काहीही फरक पडत नाही.

उलट गॅन्ट्री दिसली की कचकन ब्रेक मारणं हे सगळ्यात घातक आहे. मागचा माणूस बेसावध असतो, मधल्या लेनमधला ट्रक तेवढ्यात थांबू शकत नाही. कृपा करून हे करू नका, १०० ची लिमिट आहे तर ९५ ला सोडून द्या आणि निवांत गाणी ऐकत जा.

स्पीडोमीटर आणि कॅमेरा यांच्यात फरक येतो का?

येतो, पण तो तुमच्या फायद्याचा असतो. कंपन्या स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवेल असा सेट करतात, खऱ्यापेक्षा कमी दाखवणं चालत नाही. म्हणजे काट्यावर १०० दिसतंय तेव्हा गाडी खरं तर दोन-चार किलोमीटरने कमीच असते. मोबाईलवरचा जीपीएस वेग लावून बघा, लगेच कळेल. मोठ्या साईझचे टायर टाकले असतील तर मात्र हे गणित बिघडतं, तेव्हा हौशी मंडळींनी लक्षात ठेवा.

घाटात कारला ६० म्हणजे अतीच नाही का?

सगळ्यात जास्त भांडण याच प्रश्नावर आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

सपाटीला कारला १०० आणि बोरघाटात ६०, बस आणि अवजड गाड्यांना सपाटीला ८० आणि घाटात ४०, अशी लिमिट आयटीएमएस आल्यापासून लोकांच्या तोंडी आहे (बोर्डावर बदललेला आकडा दिसला तर अर्थातच बोर्ड खरा). आता पुण्याहून येताना खंडाळ्याच्या पुढे उतार लागतो, रस्ता रुंद, डांबर गुळगुळीत, तीन लेन, आणि गाडी पाचव्या गिअरमधे असेल तर ॲक्सिलरेटरवर पाय नसताना सुद्धा आपोआप ७५-८० ला जाते. ड्रायव्हरला वाटतं मी तर काहीच केलं नाही. तिथे ६० ठेवायची असेल तर गिअर खाली घ्यावाच लागतो, तिसऱ्यात टाका आणि इंजिनला गाडी धरू द्या, सारखा ब्रेक दाबून ड्रम-डिस्क तापवू नका. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल वापरा. हे ड्रायव्हिंग स्कूलमधे शिकवत नाहीत आणि मग लोक म्हणतात लिमिट चुकीची आहे.

पण लोकांचं म्हणणं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. १०० वरून एकदम ६० हा मोठा फरक आहे. मधे टप्पा पाहिजे, म्हणजे आधी ८० चा बोर्ड, मग ६० चा, आणि तो डाव्या बाजूला खांबावर एकटा नको, डोक्यावर पाहिजे, कारण डावीकडे कायम ट्रकची रांग असते आणि उजव्या लेनमधल्या माणसाला तो बोर्ड दिसतच नाही. रस्त्यावर मोठ्या अक्षरात आकडा रंगवा. एवढं केलं तर निम्मा राग तिथेच संपेल असं मला मनापासून वाटतं.

आणि वेळेचा हिशोब पण करून टाकू. घाटाचे १० किलोमीटर धरले तर ६० ने १० मिनिटं लागतात, ८० ने साडेसात. अडीच मिनिटांचा फरक.

ट्रकवाले आणि बसवाले एवढे का चिडलेत?

त्यांचं दुखणं कारवाल्यांपेक्षा वेगळं आणि जास्त खरं आहे. त्यांना दंड पण जास्त आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मधे जास्त वेगासाठी हलक्या गाड्यांना १००० ते २००० रुपये आणि मध्यम-अवजड गाड्यांना २००० ते ४००० रुपये असा दंड आहे. कारवाला महिन्यातून दोनदा जातो, ट्रक रोज जातो. चलन मालकाच्या नावावर येतं, मालक ते ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, आणि ज्याने वेळेत माल पोचव म्हणून फोनवर फोन केले तो व्यापारी नामानिराळा राहतो. २०२५ च्या जुलैमधे राज्यातल्या माल वाहतूकदारांनी ई-चलनाच्या विरोधात संप पुकारला तो उगाच नाही. त्यांच्या तक्रारी फक्त वेगाच्या नव्हत्या, मुंबईत माल उतरवायला जागा नाही, गाडी थांबवली की नो पार्किंगचं चलन, पोलीस स्वतःच्या खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन टाकतात, असं बरंच होतं. त्यानंतर खाजगी मोबाईल वापरू नका अशी सूचना वाहतूक विभागाला परत द्यावी लागली.

घाटातल्या ४० वर त्यांचं म्हणणं असं की बस ४० ने चालली की मागून कार अंगावर येतात, आणि भरलेला ट्रक उतारावर ४० ला धरून ठेवणं म्हणजे ब्रेकवर सगळा भार. पहिला मुद्दा मला पटतो. दुसरा अर्धाच पटतो, कारण उतारावर गाडी धरायची ती गिअरने, आणि काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी चक्क न्यूट्रल करून उतरवतात हे या लाईनमधल्या प्रत्येकाला माहिती आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत तोच उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एकाच अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं होतं, फोटो बघितले असतील तुम्ही. नऱ्हे-वडगावच्या लोकांना जाऊन विचारा स्पीड कॅमेरा हवा का नको, उत्तर एक्सप्रेसवेच्या कारवाल्यापेक्षा एकदम वेगळं येईल.

म्हणजे लोकांचं मत जागेप्रमाणे बदलतं?

अगदी. जो रस्त्यावरून जातो त्याला कॅमेरा नको असतो आणि जो रस्त्याच्या कडेला राहतो त्याला हवा असतो, आणि बऱ्याचदा हा एकच माणूस असतो. कोस्टल रोड झाल्यावर रात्री सायलेन्सर काढलेल्या गाड्यांची रेस लागायची तेव्हा ब्रीच कँडीकडच्या रहिवाशांनीच तक्रारी केल्या. तिथे सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६० आणि वळणावर ४० अशी लिमिट आहे. हायवेलगतच्या गावांमधे तर लोक रास्ता रोको करून गतिरोधक मागतात, तोही कोणाचा तरी जीव गेल्यावर. शाळा सुटायच्या वेळेला हायवे ओलांडणारी पोरं ज्यांनी बघितलीत त्यांना कॅमेरा म्हणजे वसुली असं वाटत नाही.

माझी खरी तक्रार ही आहे की कॅमेरे तिथे आधी लागतात जिथे गाड्या जास्त आहेत. माणसं जास्त मरतात तिथे आधी लागले पाहिजेत. राज्यातल्या साध्या दोन पदरी राज्यमार्गावर, जिथे मोटारसायकलवाले आणि पायी चालणारे जातात, तिथे काहीच नसतं.

हे सगळं सरकारची तिजोरी भरायला आहे, बरोबर ना?

हा संशय येणं साहजिक आहे. शेकडो कोटींची चलनं फाटतात, वसूल त्यातली थोडीच होतात, आणि पेपरात मथळा कायम कोटींचाच येतो. अमुक इतके जीव वाचले असा मथळा कधी बघितलाय? सरकारने आकडे सांगायचे तर आधी ते सांगावेत. कुठल्या गॅन्ट्रीवर किती चलनं झाली, तिथे आधी किती अपघात होते आणि आता किती, हे दर महिन्याला वेबसाईटवर टाका. एखाद्या ठिकाणी रोज हजारो लोक पकडले जात असतील तर एवढे सगळे लोक बेशिस्त आहेत असं म्हणून चालत नाही, तिथला बोर्ड किंवा तिथली लिमिट तपासायला हवी. आणि कॅमेरे चालवणाऱ्या कंपनीला मिळणारे पैसे चलनांच्या संख्येवर ठरू नयेत, कुठेही, कुठल्याही राज्यात. केरळने जून २०२३ मधे ७२६ एआय कॅमेरे सुरू केले तेव्हा सगळा गदारोळ कंत्राटावर झाला, हेल्मेट आणि सीटबेल्टचा मूळ मुद्दा बाजूलाच पडला. लोकांचा विश्वास एकदा गेला की चांगलं काम पण लूट वाटायला लागतं.

पण कॅमेऱ्याने अपघात खरंच कमी होतात का?

वेग कमी झाला की अपघातातला मार कमी होतो, यात वाद नाही. १०० च्या जागी १२० म्हणजे वेग फक्त २० टक्क्यांनी वाढला, पण धडकेची ताकद ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, १०० ला २८. समोरच्याने ब्रेक मारलेला आपल्याला कळेपर्यंत एक सेकंद सहज जातो. देशात २०२२ मधे रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाच्या खात्यात आहेत. पोलीस फॉर्म भरताना अतिवेग हे कारण सरसकट लिहून टाकतात अशी टीका होते आणि ती योग्य आहे, तरीही निम्मा आकडा सोडून दिला तरी उरतो तो भयंकर आहे.

आता दुसरी बाजू. एक्सप्रेसवेवर २०१६ मधे १५१ मृत्यू झाले होते, २०१९ मधे ९२. म्हणजे आयटीएमएसचे कॅमेरे यायच्या कितीतरी आधी आकडा बराच खाली आला होता. कसा? सेव्हलाईफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था, एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर, म्हणजे एकही मृत्यू होऊ नये असा रस्ता, म्हणून काम केलं, उघड्या काँक्रीट कडा झाकल्या, क्रॅश बॅरियर लावले, कडेला थांबलेले ट्रक हटवले, ॲम्ब्युलन्स लवकर पोचेल असं बघितलं. कंटाळवाणी कामं आहेत ही, उद्घाटनाला नारळ फोडता येत नाही, पण जीव यातूनच वाचले. म्हणून कॅमेरा लावला म्हणजे आपलं काम संपलं असं जेव्हा एखादं खातं वागतं तेव्हा मला फार राग येतो. समृद्धीवर १२० ची लिमिट आहे, तिथे डुलकी लागणं आणि टायर फुटणं ही मोठी कारणं आहेत, डुलकी लागलेल्या ड्रायव्हरचा वेग नियमात बसलेला असू शकतो, कॅमेरा त्याला काय करणार? तिथे थांबायला जागा, चहा, स्वच्छ संडास आणि टायर तपासणी पाहिजे.

१०० ने गेलो तर किती उशीर होतो?

एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटर. अख्खा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी १०० ने ५७ मिनिटं, १२० ने ४७. दहा मिनिटं. आणि ती पुढे वाशीला नाहीतर वाकडला ट्रॅफिकमधे जातातच.

गूगल मॅप्सवर कॅमेऱ्याची सूचना येते, ते चालतं का?

चालतं, आणि चांगलंच आहे. कॅमेरा कुठे आहे हे लपवायचं नसतंच मुळी. २०२१ च्या नियमातच आहे की कॅमेऱ्याने कारवाई होते तिथे आधी सूचना देणारे बोर्ड लावायचे. लपून पकडण्यात पोलिसांनी हुशारी मानू नये, लोकांनी स्लो जाणं हाच हेतू आहे ना? फक्त सरासरी वेगाच्या पट्ट्यात ॲपच्या टिंग-टिंग वर विसंबून राहू नका.

नियम नेमका काय आहे? पोलीस कसाही कॅमेरा लावू शकतात का?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६ए आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मधे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए हा नियम आला. त्यात कामाचं असं आहे: उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं, बोर्ड पाहिजेत, फोटोत गाडीचा नंबर, ठिकाण, तारीख-वेळ आणि मोजलेला वेग असं सगळं पाहिजे, गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची, आणि चलन निकाली निघेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायचं. मोठी शहरं पण यात आहेत, नियमाला जोडलेल्या १३२ शहरांच्या यादीत १९ महाराष्ट्रातली आहेत. नियम चांगला लिहिलाय हो, तो पाळला गेला तर निम्मी भांडणं उरणारच नाहीत. चलनाबरोबर त्या कॅमेऱ्याच्या प्रमाणपत्राची तारीख छापून द्यावी ही माझी जुनी मागणी आहे, साधी गोष्ट आहे, पेट्रोल पंपावर पण माप तपासल्याची तारीख दिसते.

मेसेज आलाच नाही, एकदम दहा-बारा हजार बाकी दाखवतंय. असं कसं?

बहुतेक वेळा आरसीला जोडलेला मोबाईल नंबर जुना असतो. गाडी घेताना डीलरने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, किंवा आपण सिमकार्ड बदललेलं असतं. परिवहन पोर्टलवर जाऊन आधी नंबर अपडेट करा, आजच करा. मग महाट्रॅफिक ॲपवर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन साईटवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकून बघत जा, महिन्यातून एकदा पुरे.

तरी माझं म्हणणं आहे की हा भार फक्त लोकांवर टाकू नये. चलन फाडायला जी यंत्रणा काही सेकंदात नंबर वाचते, तिने मेसेज पण त्याच दिवशी पाठवावा. घाटात आज ७८ ने गेलो आणि संध्याकाळी मेसेज आला तर उद्या माणूस ६० ने जाईल. एक महिन्याने पाच चलनं एकदम आली तर तो शिकत नाही, फक्त शिव्या घालतो, आणि त्या मधल्या महिन्यात तो त्याच वेगाने घाट उतरत राहिला हे कोणी लक्षात घेत नाही.

चलन चुकीचं आहे. काय करू?

आधी चलन उघडून फोटो नीट बघा. नंबर प्लेट झूम करा, ८ आणि ० ची, किंवा बी आणि ८ ची गल्लत झालीये का. गाडीचा रंग, मॉडेल आपलंच आहे का. तुमची पांढरी हॅचबॅक असेल आणि फोटोत लाल ट्रक असेल तर केस सरळ आहे. वेग किती दाखवलाय, लिमिट किती धरलीये, आणि कारला अवजड गाडीची लिमिट लावलीये का हे पण बघा. मग ॲपवर किंवा साईटवर तक्रारीचा पर्याय आहे तिथे आरसीचा फोटो, गाडीचा पुढून-मागून फोटो, आणि त्या वेळेला गाडी दुसरीकडे होती याचा काही पुरावा, फास्टॅगचं स्टेटमेंट, पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, असं जोडा. फास्टॅगचं स्टेटमेंट हा सगळ्यात भक्कम पुरावा, त्यात तारीख, वेळ आणि टोलनाका सगळं असतं. दंड आधी भरून मग तक्रार करू नका, भरलं म्हणजे मान्य केलं असंच धरलं जातं.

प्लेट दुसऱ्याच गाडीवर लावून कोणी फिरतोय असं वाटलं तर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आज चलन आलंय, उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची केली त्यामागे हे पण एक कारण आहे.

गाडी माझी, चालवत होता मेव्हणा. दंड मी का भरू?

कॅमेऱ्याला नंबर दिसतो म्हणून नोटीस मालकाला येते. कलम १३३ प्रमाणे कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं काम आहे. घरातल्या घरात मिटवा.

गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, चलन अजून मला येतंय.

म्हणजे आरसी ट्रान्सफर झालेली नाही. एजंटने करतो म्हणून सांगितलं आणि केलं नाही, ही घरोघरची गोष्ट. डिलिव्हरी नोट, विक्रीचा करार, पैसे आल्याचा बँकेचा पुरावा घेऊन आरटीओत जा. पुढच्या वेळेला ट्रान्सफर झाल्याचं पोर्टलवर स्वतः बघितल्याशिवाय निवांत बसू नका.

नाही भरलं तर काय होतं? लोकअदालतीत माफ होतं म्हणे.

याच अफवेमुळे एवढी थकबाकी साठलीये. न भरलेलं चलन कोर्टात जातं, आणि तेच तेच परत झालं तर कलम १८३ प्रमाणे लायसन्सवर पण गदा येऊ शकते. लोकअदालतीचे मेसेज येतात तेव्हा तिथे तडजोड होते हे खरं, पण प्रत्येक वेळेला आणि प्रत्येकाला अमुक टक्के सूट मिळेलच असं धरून बसू नका. आणि मला विचाराल तर वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला सूट आणि आठवड्यात भरणाऱ्याला काहीच नाही, हे उलटं आहे. लवकर भरणाऱ्याला सवलत द्या, बघा वसुली कशी होते.

व्हॉट्सॲपवर चलनाची फाईल आली आहे, उघडू का?

अजिबात नाही!! एपीके फाईल (मोबाईलमधे ॲप टाकणारी फाईल) असेल तर हात पण लावू नका, ती टाकली की बँकेचे ओटीपी दुसरीकडे जातात आणि खातं साफ होतं. खरी साईट कायम जीओव्ही डॉट इन वर संपते. घरातल्या आई-बाबांना, काकांना हे फोन करून सांगा, त्यांना दंड राहिला म्हटलं की भीती वाटते आणि ते पटकन दाबतात.

कॅमेरा गाडीच्या आतलं पण टिपतो, प्रायव्हसीचं काय?

सीटबेल्ट आणि मोबाईल बघायचा तर काचेतून फोटो येणारच. तो फोटो किती दिवस राहतो आणि कोणाला दिसतो याला बंधन पाहिजे, चलन नसेल त्या गाडीचा फोटो तर लगेच पुसला गेला पाहिजे. असे फोटो बाहेर फिरताना दिसले तर मी पण विरोधात उभा राहीन.

परदेशात लोक गपगुमान भरतात ना?

छे. कॅनडात टोरांटोत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना विचारा. तिथे पार्कसाईड ड्राईव्हवरचा कॅमेरा लोकांनी वारंवार कापून पाडला. आणि शेवटी ओंटारिओ सरकारने नोव्हेंबर २०२५ मधे अख्ख्या प्रांतात असे कॅमेरे बंदच केले, प्रीमियर (म्हणजे तिथले मुख्यमंत्री) डग फोर्ड यांची भूमिका अशी की हे लोकांकडून पैसे उकळणं आहे. गंमत बघा, त्याच वर्षी टोरांटोच्या सिककिड्स हॉस्पिटल आणि टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात दिसलं होतं की शाळेजवळच्या कॅमेऱ्यांमुळे वेग मोडणाऱ्या गाड्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे कॅमेरा काम करत होता, लोकांना पटवण्याचं काम राहिलं. फ्रान्समधे पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या आंदोलनात तर जानेवारी २०१९ मधे खुद्द गृहमंत्री म्हणाले की देशातले ६० टक्के स्पीड कॅमेरे निकामी केलेत.

ब्रिटनमधे मात्र दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, तिथे हायवेवरचे कॅमेरे मुद्दाम पिवळे रंगवतात, लांबून दिसावेत म्हणून. दुसरी, थोडासाच वेग जास्त असेल तर दंडाऐवजी काही तासांचा कोर्स करायचा पर्याय देतात. आपल्याकडे पहिल्या चलनाला असा ऑनलाईन मराठी कोर्स ठेवला, त्यात घाटात गिअर कसा वापरायचा तेवढं जरी शिकवलं, तरी लोक आनंदाने बसतील.

मी ओला-उबरने जातो, ड्रायव्हर पळवतो, चलन मला येईल का?

नाही, गाडीच्या मालकाला येईल. पण पिवळ्या प्लेटच्या टॅक्सीला ८० चा स्पीड गव्हर्नर (वेग त्याच्या वर जाऊ न देणारं यंत्र) असायला हवा, तेव्हा एअरपोर्टला उशीर होतोय म्हणून दादा जरा दाबा असं म्हणू नका. त्या माणसाची दिवसभराची कमाई एका चलनात जाते. अर्धा तास आधी निघा.